चौथी प्रस्तावना

कावाला,
मंगळवार, ११ मार्च

प्रिय स्तामातिसदादा,

नमस्कार. तुझं दुखणं आता उताराला लागलं असेल आणि तू काठी टेकत लेमोनियाच्या घरात फेऱ्या मारत असशील, अशी आशा करते. मुलीच्या घरी आहेस, तेव्हा जरा कमी डाफर. "बाबांचा खुबा नवीन बसवला, पण तोंड जुनंच आहे," असं ती परवा मला म्हणाली. मी खूप हसले. तूही हस, हसल्याने टाके उसवत नाहीत.

इकडे सगळं ठीक आहे. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झाल्यापासून कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडे माकूल आणि शिंपल्यांशिवाय काही दिसत नाही. आपल्या क्लासच्या जिन्यातला दिवा अखेर दुरुस्त झाला. थेसालोनिकीच्या बसवाल्याच्या हाती हे पत्र आणि रव्याचा हलवा पाठवते आहे. हलवा तेलातला आहे, उपासाला चालतो, तेव्हा लेमोनियाने नाक मुरडलं तर एकट्याने खा.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. रविवारी तू म्हणालास, "शुक्रवारी पालकांच्या सभेत कारापिपेरिसची माफी माग, तक्ता परत भिंतीवर लाव आणि विषय मिटव. नाहीतर निबंधाचे वर्ग मी दुसऱ्या कोणाकडे देतो." मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. तर मी बघितलं. जमणार नाही.

तुझा प्रस्तावनांचा तक्ता मी वर्गाच्या भिंतीवरून काढला हे खरं आहे. तो फुटलेला नाही, कपाटामागे उभा आहे, काच शाबूत आहे. कारापिपेरिसने तुला काय तिखटमीठ लावून सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून जे झालं ते नीट सांगते.

सरावासाठी मी 'शेजारधर्म' हा विषय दिला होता. वह्या तपासायला बसले. पहिल्या वहीत होतं, "आपण अशा युगात जगत आहोत की, जिथे माणूस माणसापासून दुरावत चालला आहे." दुसऱ्या वहीत, "आपण अशा युगात जगत आहोत की…" तिसऱ्यानं 'आपण'च्या जागी 'आजचा मानव' घातला होता, त्याला मी जवळजवळ शाबासकी देणार होते. दादा, अख्खा वर्ग एकाच युगात जगत होता आणि त्या युगात एकाही पोराला शेजारी नव्हता. सगळं तुझ्या तक्त्यावरून उतरवलेलं. पहिली प्रस्तावना समाजाला, दुसरी विज्ञानाला, तिसरी निसर्गाला, चौथी कुटुंबाला. विषय कोणताही येवो, या चारांपैकी एक डोक्यावर ठेवायची आणि खाली परिच्छेद रचायचे.

दुसऱ्या दिवशी तक्ता उतरवून मी त्याच्या दोन खिळ्यांना धुण्याची दोरी बांधली. आईच्या घरातून तिचे लाकडी चिमटे आणले होते. पोरांना म्हटलं, आज निबंध लिहायचा नाही. शेजारी म्हटल्यावर जे जे आठवतं ते एकेका चिठ्ठीवर लिहा आणि दोरीवर लावा. मग उभं राहून वाचा, चिठ्ठ्या मागेपुढे करा. कोणती आधी यायला हवी, कोणत्या चिठ्ठीला दुसरीचा आधार लागतो, कोणती उगाच लोंबकळते आहे? लोंबकळणारी काढून टाका. आणि डावीकडचा पहिला चिमटा शेवटपर्यंत रिकामा राहू द्या. घरात कोण कोण आहे हे ठाऊक नसताना दारात उभं राहून पाहुण्याला काय सांगणार? सुरुवात सगळ्यात शेवटी लिहायची.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ झाला. चिमटे एकमेकांच्या कानांना लावून झाले. मग हळूहळू पोरं दोरीसमोर भांडायला लागली, आणि भांडण चिठ्ठ्यांवरून होतं. "अरे, तुझी ही चिठ्ठी माझ्या निबंधातली वाटते, तुझी नाही." "मग तू घे, मला तुझी ती कुत्र्याची दे." इतक्या वर्षांत मी आपल्या वर्गात असं भांडण ऐकलं नव्हतं.

झाफिरिया ही कारापिपेरिसची मुलगी, तुझी लाडकी, वीसपैकी अठरावाली. तिनं रिकाम्या चिमट्याला शेवटी जे वाक्य लावलं ते असं: "आमच्या औषधांच्या दुकानाचं शटर ओढल्यावर बाबा आतला दिवाही विझवतात, म्हणजे समोरच्या म्हाताऱ्या बाईंना वाटावं की आत कोणी नाही."

ते वाक्य तसंच वहीत उतरव, असं मी तिला म्हटलं.

ती वही त्याच्या हाती कशी लागली ते मला माहीत नाही. तो आला तो वही नाचवतच आला.

"बाई, हे काय शिकवता तुम्ही?"

"सुरुवात."

"ही सुरुवात? ही माझी बदनामी आहे! तक्त्यावरच्या सुरुवातीनं पोरीला अठरा पडत होते."

"पडत होते. आणि वाचणाऱ्याला वही मिटल्यावर एक शब्द आठवत नव्हता."

"तपासणाऱ्याला आठवायचं नसतं हो, गुण द्यायचे असतात! घरातलं चव्हाट्यावर आणायला शिकवताय तुम्ही. स्तामातिससर असते तर हे झालं नसतं."

"सर दवाखान्यात आहेत, म्हणून तर झालं."

झाफिरिया त्याच्या पाठीमागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, पण ते खोटं आहे का?"

"खरं-खोटं परीक्षेत विचारत नाहीत!" तो ओरडला, आणि मला वाटतं आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं, कारण वही तिथेच टाकून तो निघून गेला.

तुझ्या तक्त्याला मी नावं ठेवत नाही. तू तो लिहिलास तेव्हा डोंगरातल्या गावांतून पोरं यायची, कोऱ्या कागदाला भिऊन घाम फुटायचा त्यांना. तयार वाक्य मिळालं की निदान हात चालू व्हायचा. ती पोरं त्या वाक्याच्या जोरावर पास झाली, हे मी विसरलेले नाही. पण ही पोरं भिऊन ते लिहीत नाहीत. विचार करावा लागू नये म्हणून लिहितात. परीक्षेत झाफिरियाचे दोन गुण जातीलही. तपासनीस सुद्धा अशाच तक्त्यांखाली वाढलेत.

आणखी काय लिहू? रविवारी आईला जाऊन वर्ष होतं. तिच्या नावाने देवळात वाटायचा गहू मी उकडणार आहे, वर साखर, बदाम आणि डाळिंबाचे दाणे, तिला आवडायचे तसे भरपूर. आपले पाद्री पापा-लाझारोस, त्यांना सांगून ठेवलं आहे. लेमोनिया तुला गाडीतून आणणार आहेच. प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी तू परत दोन शब्द बोलणार म्हणालास, त्याचं आल्यावर बघू.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप.

तुझी,
एव्हान्थिया


बुधवार, सकाळी

तू आईला चौथ्या प्रस्तावनेखाली पुरलंस.

हे माझ्या पत्राचं पहिलं वाक्य आहे. कालचं पत्र पाकिटात घालण्याआधी आत्ता वाचून काढलं. मासे, जिन्यातला दिवा, हलवा, कारापिपेरिस. एवढी पानं लिहिली आणि ती नुसती प्रस्तावना होती. पोरांना रोज जे शिकवते ते मला स्वतःला जमलं नाही, याचा मला राग आला आहे. तेही पत्र पाठवते, पण तू हे आधी वाच.

गेल्या वर्षी देवळात तू शवपेटीशेजारी उभा राहिलास, चष्मा पुसलास आणि म्हणालास, "आपण अशा युगात जगत आहोत की, जिथे कौटुंबिक मूल्ये लोप पावत चालली आहेत. अशा वेळी आई हा समाजरूपी इमारतीचा भक्कम पाया असतो." शब्दन् शब्द तक्त्यावरचा. मी पहिल्या रांगेत होते. आपले विद्यार्थी मागे उभे होते, पुष्पचक्र घेऊन आलेले. मी मान वळवली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. तुझ्याबरोबर. चेष्टेने नाही रे, सवयीने. 'लोप पावत चालली आहेत' तुझ्याआधी त्यांचं म्हणून झालं होतं. झाफिरियाचंही.

नंतर लोक डोळे पुसत तुला भेटले. "काय बोललात सर!" तू अजूनही त्या भाषणाबद्दल बोलतोस. मी वर्षभर गप्प राहिले, कारण तुला दुखवायचं नव्हतं, आणि मग तुझं ऑपरेशन आलं. पण त्या दिवसापासून तो तक्ता मला डोळ्यांसमोर नको झाला. वर्गात पाऊल टाकलं की ती पेटी दिसायची. तेव्हा मी तो शिकवण्यासाठी काढला हे अर्धंच खरं आहे. मी तो आईसाठी काढला.

कारण तिच्यासारखी सुरुवात या गावात कोणाला जमली नसेल, दादा! आठवतं ना? दार लोटायची, पिशवी टेबलावर आपटायची आणि म्हणायची, "आणि मी म्हटलं, नाही!" बस. पुढे एक शब्द नाही. आपण "कोणाला?" असं विचारेपर्यंत ती शांतपणे भाजी निवडायला घ्यायची. नगरपालिकेचा माणूस अंगणातलं लिंबाचं झाड तोडायला आला होता, तेव्हा हेच. पापा-लाझारोसनी तिला बायकांच्या मंडळाची अध्यक्ष व्हायला सांगितलं, तेव्हाही हेच. "आणि मी म्हटलं, नाही! बायका चांगल्या आहेत हो, पण सभा फार लांबतात."

आणि एकदा ती अशीच स्वयंपाकघरात आली, "आणि मी म्हटलं, नाही!" मी नेहमीसारखं विचारलं, "कोणाला?" ती म्हणाली, "तुझ्या बापाला. तू कॉलेजला जाणार आहेस." तू तेव्हा सैन्यात होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होतं, की बाबांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं! ते एक 'नाही' नसतं, तर आज तुझ्या क्लासमध्ये निबंध शिकवायला मी नसतेच.

त्या बाईला तू समाजरूपी इमारतीचा पाया म्हणालास. तिच्या एकाही 'नाही'चा उल्लेख नाही. तिचं नावसुद्धा नाही घेतलंस रे. पोलिक्सेनी. तक्त्यात नावाला जागाच नव्हती.

रडते आहे, पण माघार घेत नाही. दोन्ही एकाच वेळी जमतं मला.

आता शुक्रवारचं. मी माफी मागणार नाही. कारापिपेरिस सभेत उभा राहिला, तर मी सगळ्यांसमोर त्याला सांगेन, की बदनामी टाळायचा सोपा उपाय आहे, दिवा चालू ठेवा. काल संध्याकाळी झाफिरिया आली होती. म्हणाली, "बाई, त्या वाक्यानं माझे गुण गेले तर?" मी म्हटलं, "जाऊ शकतात. तक्ता कपाटामागे आहे, हवा तर काढून देते. तू ठरव." तिने दोरीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाली, "वाक्य राहू दे. पण माझी एक चिठ्ठी लावायची राहिली होती. त्या बाईंचं औषध मी मागच्या दाराने नेऊन देते. बाबांना माहीत नाही." तिने ती चिठ्ठी लिहिली आणि शेवटच्या चिमट्याला लावली. बापाला काय वाटायचं ते वाटो, म्हणाली. तिला मी आता कोणत्या तोंडानं सांगू, की बाई घाबरल्या, तू परत आपल्या युगात जा?

तुला माझे वर्ग काढून घ्यायचे तर घे. क्लास तुझ्या नावाचा आहे. मी दोरी आणि चिमटे घेऊन आईच्या अंगणात शिकवीन. लिंबाचं झाड आहेच, खिळेही लागणार नाहीत. पण हे मला फोनवर सांगू नकोस. रविवारी सांग, तिच्या गव्हाच्या ताटासमोर, माझ्याकडे बघून.

आणि रविवारी कॉफीच्या वेळी तू उठू नकोस. मी बोलणार आहे. पापा-लाझारोस असतील, बायकांचं मंडळ असेल, आपली पोरं असतील. मी उभी राहीन आणि म्हणेन, "आणि मी म्हटलं, नाही!" मग गप्प बसेन. कोणीतरी विचारेलच, कोणाला?

पाकिटात एक चिमटा आहे, तो हलव्याबरोबर आला असं समजून फेकून देऊ नकोस. आईचा आहे, एका बाजूला तिने दातांनी चावलेला. सोबत एक कोरी चिठ्ठी आहे. तिच्यावर आईची एकच गोष्ट लिही, जी फक्त तुला ठाऊक आहे आणि मला नाही. तू आठ वर्षांनी मोठा, माझ्या आधीची आई तुझ्याकडेच आहे. युग नको, समाज नको. तुला नाही लिहिता आलं, तर कोरीच घेऊन ये. मी तुझ्यासाठी डावीकडचा पहिला चिमटा रिकामा ठेवते.

माफी न मागणारी,
पोलिक्सेनीची मुलगी आणि तुझी बहीण,
एव्हान्थिया