दोन पाट्या, एक चूल

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सात. आईसोबत मटार सोलत होतो, तेवढ्यात वकिलांचा फोन. आपण खटला जिंकलो! बाबांचा पगार थकवून त्यांची कंपनी बंद पडली. एस्प्लनेड भागातल्या त्याच ऑफिसच्या दारावर पाटी असलेली मालकाची दुसरी कंपनी म्हणायची, ‘आम्ही पृथक्.’ (‘क’चा पाय मोडून लिहिलंय, बरोबर.) पण दोन्हींचा पैसा एकाच खिशात फिरत होता, म्हणून कोर्टाने दोन्ही एकच धरल्या; थकलेला पगार आता दुसरीने द्यायचा. मालक अपील करेल का?

दोन कंपन्या एक कशा, असं विचारलं तर आई म्हणाली, “वेड्या, चूल एक तर घर एक. दादा वर वेगळा राहतो म्हणे, पण जेवतो कुठे?” बाबा किती दिवसांनी मोठ्याने हसले.

खर्च: संदेश मिठाई, दोनशे रुपये.
देणं: वकिलांच्या फीसाठी दादाकडून घेतलेले पाच हजार.

दादाने माझ्या खांद्यावरून ही डायरी वाचली आणि शेवटची ओळ खोडली. “चूल एकच ना रे!”