माळ्यावरून कोण पडलं

प्रिय ऑरिन,

यंदा मका लवकर काढलास. परवा तुझ्या बांधावरून गाडी नेली, पण थांबलो नाही. का, ते सांगतो.

माझ्या गुडघ्याच्या पेन्शनची जुनी फाइल मिसेस हॉगनने मागवली. आपल्या काउंटीत माजी सैनिकांचे अर्ज तीच बघते. बाई जिभेची तिखट. म्हणाली, "पन्नास वर्षं गप्प बसलास? तोंडाला बूच लावलं होतं का रे, आर्लो?" एकाहत्तर साली अर्ज फेटाळला तो गुडघा भरतीआधीच अधू होता म्हणून. पण भरतीच्या डॉक्टरने माझे दोन्ही गुडघे ठणठणीत लिहिलेत, त्याच फाइलमध्ये! ते कुणी विचारातच घेतलं नाही. तीच चूक धरून बाई आता लढते आहे.

मग पेन्शन खात्याने भरवसा ठेवला कशावर? एका पत्रावर. बाईने ते पान माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसली. 'आर्लो पंधराव्या वर्षी गवताच्या माळ्यावरून पडला.' खाली तुझी, माझ्या सख्ख्या भावाची सही.

पडला होतास तू, ऑरिन. मीच तुला पाठुंगळी मारून घरात आणलं. तेव्हा मोडलेल्या गुडघ्यापायी तुला सैन्यात घेतलं नाही. मी गेलो, आणि व्हिएतनाममध्ये प्लेकूच्या रस्त्यावर ट्रकखाली माझाही गुडघा चिरडला. पेन्शन मिळाली असती तर गडी ठेवून मी माझ्या वाट्याची अर्धी शेती राखली असती. ती तू विकत घेतलीस, आणि वर मी तुझे उपकार मानले! दरवर्षी चर्चमधल्या मासळीच्या जेवणाला तू माझ्यासाठी खुर्ची ओढायचास. लोक म्हणायचे, "आले बघा जोडीचे लंगडे!" सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो. केसाने गळा कापलास रे.

बाईला विचारलं, भावाने आता खरं लिहून दिलं तर? "काही उपयोग नाही. जुन्या निकालातली चूक जुन्याच कागदांवरून दाखवायची. नवं एक अक्षर घेत नाहीत ते." म्हणजे जिंकलो तरी तुझ्यावाचूनच जिंकेन.

तरीही लिहितोय. नवा पुरावा त्यांना चालत नाही, मला चालतो. रविवारी मासळीचं जेवण आहे. या वेळी खुर्ची ओढू नकोस. समोर बस, आणि का केलंस ते तुझ्या तोंडाने सांग.

अजून तरी तुझाच,
आर्लो