प्रार्थनेतलं नाव

लातूर,
१२ मार्च २०२५

प्रिय मने,

सप्रेम सलाम. प्रीतमरावांना माझा जयभीम सांग.

"लेकराच्या प्रार्थनेत बोट घालू नये गं." मुरुडला आई मला म्हणाली होती, आठवतं? दिवेलागणीला चटईवर आपण तिघी. तू पाच वर्षांची. डोळे घट्ट मिटून म्हणालीस, "प्रभू, गंगम्माच्या शेळीला दोन पिल्लं होऊ दे अन् एक आमाला मिळू दे." मी हसले, "असलं मागतेत व्हय, येडे?" तेव्हा आईनं मला दटावलं, "ती देवाशी बोलायली. तू कोण मधी?"

शेळीला तीन झाली. आपल्याला एकही मिळालं नाही. तू आठवडाभर देवाशी कट्टी केली होतीस!

इकडे सगळं ठीक. ऊन तापायला लागलंय. आमची एस्तेर चौदाची झाली. तेरा एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, तिचं दृढीकरण आहे. चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली द्यायची. वचनं सगळी पाठ आहेत. पाळकसाहेब खूश आहेत. घरच्या प्रार्थनेत मात्र ती तोंड उघडत नाही. लाजाळू आहे, असं मी सगळ्यांना सांगते.

लाजाळू नाही गं ती. तुमचं कोर्टात लग्न झालं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. रोज संध्याकाळी मावशीसाठी प्रार्थना करायची. एकदा मी मध्येच डोळे उघडून म्हणाले, "ते नाव आता नको." ती तिथंच थांबली. आमेनसुद्धा म्हणाली नाही. त्याला आठ वर्षं झाली.

परवा पाळकसाहेबांनी विचारलं, त्या दिवशी कुणाकुणाला बोलवायचं? ही म्हणाली, "मनिषामावशी आली तर उभी राहते. न्हाई तर न्हाई."

घरी येऊन मी चिडले. "मावशी आठवते तरी का तुला?"

"रोज मनात नाव घेते तिचं. तिथं तुला नको म्हणता येत न्हाई."

मने, तिला प्रार्थना मी शिकवली असं मला वाटत होतं.

तेरा एप्रिलला दोघं या. मागं नाही, आमच्या बाकावर बसा. तुझ्या लग्नाला मी आले नाही, नंतर दोनदा तुझा फोनही उचलला नाही. तू नाहीच म्हणशील, आणि मला त्यावर बोलायला तोंड नाही. तरी नांदेडहून सकाळची पहिली गाडी धर. ये.

तुझं नाव गाळायला लावणारी,
अक्का