सवयीची ऊब

सोमवार, ३ जून
आधीच माफ करा. शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा नववीतच सोडली, आणि मोबाइलवर एका बोटाने लिहितेय. पण नोकरी लागली! मुळांतल्या किड्यांच्या प्रयोगशाळेत, बश्या आणि कुंड्या धुवायची. खिडकीपाशी माझं टेबल, माझा वेगळा नळ, कुणाशी बोलावं लागत नाही. मस्त.

किडे भिंगाखालीच दिसतात, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे. टोमॅटोच्या मुळात शिरून गाठी करून बसतात. डोळे नाहीत, पण ऊब कळते, अंशाचा हजारावा भागसुद्धा. ज्या उबेत ठेवाल तिची सवय होते, मग तीच शोधत सुटतात. हे सगळं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. एवढं शिकून हा माणूस किड्यांचा ताप बघतो, आणि मावशी मला ढ म्हणते!

रविवार, ९ जून
गुरुवारी साहेब परगावी गेले आणि उबेची पेटी बंद पडली. फोनवर ओरडले, अगं बाई, किड्यांची बशी गार पडू देऊ नकोस, कसंही कर. कसंही म्हणजे कसं, ते सांगायची अक्कल नाही. मी बशी फडक्यात गुंडाळली आणि चिकटपट्टीने पोटाला बांधली. तीन दिवस. झोपतानासुद्धा.

सोमवार, १० जून
प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्या ताईने सगळ्यांसमोर विचारलं, पिल्लं कधी निघणार गं? सगळे फिदीफिदी. हसा, आधी दात घासा.

मग साहेबांनी भिंगातून बघितलं. सगळे किडे बशीच्या एका कडेला, माझ्या बाजूच्या. मी नळापाशी गेले, तर तेही वळले. साहेब खूश. आता मी दिवसभर स्टुलावर बसायचं, कधी इकडे, कधी तिकडे. फुलदाणीच जणू.

तिसऱ्या दिवशी फडकं ओलं झालं होतं, बशीचं झाकण सरकलेलं. ते सांगितलं नाही. पोट दाखव म्हणाले असते.

शनिवार, १५ जून
बेंबीपाशी तीन गाठी. मुळांना येतात तशा, ओळीने. ताईला कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, झाडाचे किडे ते, माणसात जगत नाहीत, पुस्तकात लिहिलंय. पुस्तकाने त्यांना पोटाशी बांधलं होतं का?

सोमवार
सहा झाल्या. बर्फ ठेवला की थांबतात, वितळला की वर सरकतात, छातीकडे—
शेवटी साहेबांना दाखवलं. आधी फोटो काढला, मग पट्टीने मोजलं. म्हणाले, बर्फ ठेवू नकोस, प्रयोग बिघडतो. गाढव—

मंगळवार
बर्फ सोडला नाही. दात वाजतायत. पण मी गार पडले तशा त्या दुसरीकडे— खांद्यातून हातात, बोटांत. ताई शेजारी बसली की बोटं तिच्याकडे वळतात. मी वळवत नाही—
तो हात मागे धरून बसलेय, दुसऱ्याने लिहितेय. किती वेळ—

थांबा, आईचा फोन होता. वहिनीला मुलगी झाली! आई म्हणते, आत्या झालीस, धावत ये, पहिली तुझ्याच हातात देते, अंग कसं ऊन ऊन आहे बघ, आणि माझे पाय आपोआप