पुसलेल्या नोंदी

सर, तुमच्या फाईलमधल्या नोंदी मी पुसल्या. दोन आठवडे झाले, माझं कशातच लक्ष लागत नाही.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अमरावतीतल्या या क्लासचे पेपर मी अजून तुमच्याच पद्धतीनं मांडते, युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीवर, माउस न वापरता मजकुरातच हुकूम लिहून. "मॅडम, माउस मोडला का?" म्हणून बाकीचे हसतात. हसू देत. गणिताची चिन्हं जागच्या जागी बसावीत, प्रश्नांचे आकडे आपोआप पुढे सरकावेत, म्हणून त्या प्रणालीला तुम्ही जोडलेल्या चाळीसेक छोट्या पुरवण्या, तुमचे मॅक्रो, आजही बिनबोभाट चालतात.

प्रत्येक मॅक्रोच्या डोक्यावर तुमची एक नोंद असायची. कॉलेजची लॅब आठवते. पोळीचा घास हातात धरून तुम्ही माझ्या मागे उभे आहात, आणि मी नुसता मॅक्रो लिहून मोकळी झाले आहे. "हे कोनासाठी केलं, ते लिही ना पोरी. उद्या तूच इसरशीन." "सर, काम तर करून राहिलं ना?" "करून राहिलं. पन काहून करून राहिलं?" मला राग आला होता. प्रोग्राम शिकवायचा सोडून हे निबंध कसले लिहायला लावतात, असं वाटलं.

यंदा या पुरवण्या नेटवर सगळ्यांसाठी ठेवायचं ठरवलं. चार लोकांनी बघायचं, तर घर झाडून घ्यावं ना! "ऑफिसच्या बाबूंसाठी, डावीकडे दोन बोटं जागा, कागदाला भोकं पाडतात", असल्या नोंदी मला गावंढळ वाटल्या. सगळ्या काढल्या, तेही मूळ फाईलमधूनच. त्याच सपाट्यात दोन प्रश्नांमधली जाड रेघही काढली, कागद वाचेल म्हणून.

पुढच्याच चाचणीत तेल्हाऱ्याची एक मुलगी, कायम पहिल्या पाचात असणारी, पार घसरली. सातव्या प्रश्नाचं उत्तर आठव्यापुढे, आणि तिथून सगळंच एक घर खाली. वरच्या बॅचमधून तिचं नाव गेलं. बोलावलं, तर मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मले कमी दिसते. पयले रेघ राहे, तिच्यावर बोट ठेवून वाचो मी."

तेव्हा आठवलं. त्या रेघेच्या मॅक्रोवर तुम्ही कोणा विद्यार्थ्याबद्दल लिहिलं होतं, "याची नजर ओळीवरून घसरते. रेघ काढू नये."

रेघ परत घातली. संचालकांशी भांडून तिची चाचणी पुन्हा घ्यायला लावली, ती रविवारी आहे. पण बाकीच्यांचं काय? कोणती मोकळी जागा कोणाच्या थरथरत्या हातासाठी होती? रोज एकेक मॅक्रो उघडून आठवत बसते. नऊ नोंदी जमल्या. अकोल्याला तुमच्या घरी फोन केला, एखादी जुनी प्रत असेल म्हणून. तुमचं कपाट कधीच रिकामं केलं म्हणाले.

एक नोंद मात्र शब्द न् शब्द पाठ आहे. छापण्याआधी थांबून "पूर्ण वाचलं का?" असं विचारणारा मॅक्रो, आणि त्यावर तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेलं, "पोरगी हुशार आहे, पण घाई करते. हिच्यासाठी." हे पत्र कुठे पाठवायचंच नाही, म्हणून सांगते. बाकीच्या नोंदी गावंढळ वाटल्या हे खोटं नाही, पण पुसायची होती ती ही एकच. एकटी तीच पुसायची लाज वाटली, म्हणून सगळ्याच पुसल्या.