तिच्यासाठी लावलेला वशिला

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं शोभत नाही. पण आज डोकं फिरलंय, आणि ज्याच्यावर राग काढावा असं जिवंत माणसांत कोणी नाही. सकाळी तिचा मेसेज आला. तीच, तुमची लाडकी, माझ्या वर्गातली मुलुंडची मुलगी, जिला तुम्ही हैदराबादला धाडलंत. आता तीही तुमच्यासारखी संशोधक झालीय. कोण कोणाला धरून आहे याचे नकाशे काढते. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. तुमचा वाकोल्यातला अभ्यास तिला त्याच घरांत जाऊन पुन्हा करायचाय. "येशील का रे सोबत? तुमच्या वाकोल्यात तुझ्याशिवाय कोण मला दारात उभं करणार?" बस, एवढंच. मधल्या सगळ्या वर्षांबद्दल एक शब्द नाही. मी इथे सांताक्रूझला विमानतळाच्या कार्गोत खोकी उचलतो, हे तिला माहीत तरी असेल का?

त्या अभ्यासाची सुरुवातच आठवते. तुमचा पहिला प्रश्न होता, "तुमची कोणाकोणाशी ओळख आहे?" ती आणि मी गल्लीगल्लीतून फॉर्म भरून आणले, खुशीत तुमच्या टेबलावर ठेवले. तुम्ही नकाशा काढलात तर सगळ्या रेघा एकाच ठिपक्याकडे. वॉर्डातला एक दलाल, नळाचं कनेक्शन नाहीतर रेशनकार्ड करून देणारा. तुम्ही चष्मा काढून मला विचारलंत, "हा माणूस एवढा लाडका आहे?" मी म्हटलं, "लाडका कसला मॅडम, लोक शिव्या घालतात त्याला. पण ओळख विचारल्यावर दुसऱ्या कोणाचं नाव सांगणार?" तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. पुण्यात वाढलेल्या तुम्हाला ओळख म्हणजे ओळख वाटत होती, आणि मला तर जन्मापासून ओळख म्हणजे वशिला. तुमचा प्रश्न मी तुमच्याच शब्दांत विचारत होतो आणि माझ्या अर्थाने ऐकत होतो. सगळं काम पाण्यात. मग नवा प्रश्न आला, घरात कोणी आजारी पडलं तर कोणाला हाक मारता, आणि आम्ही दोघं पुन्हा त्याच पायऱ्या चढलो. मला तर बरंच झालं. तिच्यासोबतचे दिवस दुप्पट झाले.

नंतर तुम्ही आम्हाला आरेतल्या पाड्यावर नेलंत. बस झाडांतून वळणं घेतेय, ती खिडकीशी बसलीय, तिचे केस माझ्या तोंडावर उडतायत आणि तुम्ही पुढच्या सीटवरून मान वळवून शिकवताय, "घट्ट नात्यातल्या सगळ्यांना एकच बातमी ठाऊक असते. नवी बातमी, नवं काम येतं ते सैल ओळखीतून." मी वेड्यासारखा मान हलवतोय. तुम्ही हे तिला सांगत होतात, मला नाही, हे कळलं महिन्याभराने. हैदराबादच्या तुमच्या कोणा जुन्या ओळखीच्या बाईंना तुम्ही फोन केला होतात आणि तिथल्या कोर्सला तिची जागा पक्की झाली होती.

मी तडक स्टाफरूममध्ये घुसलो.

"मॅडम, तुम्ही वशिला लावलात."

"हो, लावला. आयुष्यात पहिल्यांदा."

"आणि माझ्यासाठी?"

"तू कधी काय मागितलंस? तुला ती जाईल तिथे जायचंय. तसा कोर्स नसतो रे बाळा."

कोपऱ्यातले दोन सर हसले. तुम्ही नाही हसलात, पण ते 'बाळा' मला अजून बोचतं. त्यानंतर मी कॉलेजची पायरी चढलो नाही. आई म्हणाली, "पोरीपायी वाट लावलीस स्वतःची." आईला काय सांगणार, पोरीपायी नाही, तुमच्यापायी.

आणि खरा संताप सांगू? आयुष्यभर लोकांच्या ओळखी मोजल्यात आणि स्वतःसाठी एक फोन फिरवला नाहीत. तासाच्या हिशेबाने शिकवत राहिलात. तुमच्या शोकसभेला मी मागे उभा होतो. समाजशास्त्रवाले म्हणत होते, "त्या तशा कॉम्प्युटरच्याच." कॉम्प्युटरवाले म्हणत होते, "त्या समाजशास्त्राच्या ना?" फोटोला हार कोणी आणायचा यावर बोलणं चाललं होतं, मॅडम! दोन विभागांच्या मधोमध उभं राहून तुम्ही जन्म काढलात, आणि दोघांपैकी एकालाही तुम्ही आपल्या वाटला नाहीत. असल्या धंद्यात तुम्ही तिला ढकललंत. उद्या तिचंही असंच झालं तर? तिच्यासाठी कोण भांडणार?

म्हणून तिला सांगणार होतो, नाही येत. शोध दुसरा कोणी. माझ्या गल्लीतल्या लोकांना पुन्हा ठिपके करायला मी दारं उघडून देणार नाही. मी काय तुझ्या कामापुरता आहे का? दुपारच्या सुट्टीत हे सगळं फोनवर टाईप केलं, चांगलं कडक, आणि मग खोडलं. दुसऱ्यांदा केलं, तेही खोडलं.

ही चिठ्ठी तर कुठे जाणारच नाही. तिला मात्र संध्याकाळी उत्तर गेलं. 'कधी येतेस?' एवढंच लिहिलं. आणि मॅडम, ते पाठवल्यापासून मी आरशासमोर उभा राहून दाढी करावी की ठेवावी याचा विचार करतोय.