पत्रातल्या वगळलेल्या चार ओळी

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि तुमची शिसारी मला यंदाच्या उन्हाळ्यात आली. असं बापाला लिहू नये, हे कळतं. तरी लिहितेय.

नागरवाड्यातलं आपलं स्वयंपाकघर. रविवारची सकाळ, आई पोळ्या लाटतेय आणि तुम्ही पाटावर बसून आपल्या पूर्वजाचं मोडी पत्र बाळबोधीत उतरवताय. आठवडाभर दप्तरखान्यात लोकांचे कागद वाचायचे आणि रविवारी घरचे, हा तुमचा शिरस्ता. हा पूर्वज फौजेबरोबर कारकून म्हणून फिरायचा. करजणच्या बाजूला गेलेल्या मोहिमेतून त्याने घरी लिहिलेलं ते पत्र तुम्ही आम्हाला मोठ्याने वाचून दाखवता. गाव हाती आलं, फौज पुढे निघाली. मी अकरा वर्षांची. विचारते, "मग त्या गावातल्या माणसांचं काय झालं?" तुम्ही मान वर करत नाही. "मोहिमेत असले फालतू प्रश्न विचारत नाहीत." मी रडले, म्हणून संध्याकाळी तुम्ही मांडवीच्या बाजारातून एक जाड वही आणलीत आणि पहिल्या पानावर मला मोडी अक्षरं काढून दिलीत. बापाने लेकीला याहून मोठं काय द्यावं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले.

यंदा आपल्या कुळाच्या मेळाव्यात तुम्ही उतरवलेलं पत्र वाचायचं ठरलं. मी सहज म्हणून मूळ कागद काढला. तुमच्या दोन वाक्यांच्या मधे तिथे चार ओळी आहेत. धान्य नेलं, उरलेलं जाळलं. बायका तीन दिवस छावणीत ठेवल्या. चौथ्या दिवशी त्यातल्या पाचजणी गावच्या विहिरीत सापडल्या, त्यामुळे पाणी नासलं आणि मुक्काम हलवावा लागला. आपला पूर्वज हळहळला तो पाण्यासाठी! आणि त्या चार ओळींना शिसपेन्सिलीने कंस घातलेत, ते तुमचे. म्हणजे तुम्ही वाचलं होतंत. वाचून, कंस घालून, पोळी खायला बसला होतात.

तेव्हापासून लढाई हा शब्द मला ऐकवत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठल्या तरी देशातल्या शहरावर बॉम्ब पडतानाचे व्हिडिओ येतात, खाली टाळ्या. त्या धुरात मला फक्त विहीर दिसते. हजारो वर्षं माणसं हेच करत आलीत आणि त्याला स्वारी, मोहीम, फत्ते असली नावं देत आलीत. ती नावं सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवणारी माणसं घरोघर असणार. आपल्या घरात तुम्ही होतात.

मेळाव्यात मी त्या चार ओळी वाचल्या. मग तुमचे धाकटे भाऊ, आपले काका, पहिल्या रांगेतून उठले. "अगं, आज शुभ दिवशी याची काय जरूर होती? फौज म्हटली की असं चालायचंच."

"चालायचंच नाही, काका. त्या कोणाच्या तरी आया होत्या."

"आणि दादाने कसं नाही लिहिलं हे? त्याच्यापेक्षा तुला जास्त मोडी येते का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मूळ कागद माझ्या हातात होता. तुमच्या कंसांसकट तो नुसता त्यांच्यापुढे धरायचा होता.

"बाबांना ते पान मिळालंच नव्हतं," मी म्हटलं. "मला नंतर सापडलं."

काका लगेच बसले. "हां, मग बरोबर. दादा असं लपवणारा माणूस नव्हता." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पाच मिनिटांत पानं वाढली गेली.

तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच सांगते. खोटं बोलून झाल्यावर मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं, बाबा. मी दोनदा श्रीखंड घेतलं.